पावसाळ्याआधी घरच्या पीसीचा बूट होणारा बॅकअप: साधन कोणतं, डिस्क किती आणि परत चढवायचं कसं?

टिळकवाडी_तिसरं_गेट

पीसी असा आहे: बाराव्या पिढीचा आय५, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी (त्यात १२० जीबी भरलंय), शिवाय डेटासाठी १ टीबीची जुनी साटा हार्डडिस्क. विंडोज ११ होम. त्यावर मराठी-कन्नड डीटीपी (छपाईची अक्षरजुळणी), टॅली आणि घरचे फोटो.

फायली वेगळ्या कॉपी करून ठेवतो, त्याबद्दल विचारत नाही. उद्या एसएसडी मेली तर नवीन एसएसडी घालून तासा-दीड तासात सगळं होतं तसं उभं राहावं, एवढंच हवंय. विंडोजमधला ‘सिस्टिम इमेज’ (विंडोजसकट सगळ्या डिस्कची हुबेहूब नक्कल) पुरेल का? पेनड्राइव्ह किती जीबीचा घ्यावा? इमेज त्याच १ टीबीवर ठेवली तर चालेल का?

---

मलप्रभा_काठ

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: त्याच पीसीच्या डब्यातल्या डिस्कवर इमेज ठेवू नका. पॉवर सप्लाय जळताना दोन्ही डिस्का सोबत घेऊन जाऊ शकतो आणि रॅन्समवेअर (खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर जोडलेली प्रत्येक डिस्क ते कुलूपबंद करतं. बाहेरची यूएसबी डिस्क घ्या आणि काम झालं की काढून कपाटात ठेवा. जोडून ठेवलेल्या डिस्कला बॅकअप म्हणायचं नाही.

‘सिस्टिम इमेज’ विंडोजमध्ये अजून सापडतं, पण मायक्रोसॉफ्टने ते ऑक्टोबर २०१७च्या आवृत्तीपासून ‘यापुढे सुधारणार नाही’ या यादीत टाकलंय. त्याचे नखरेही फार. नवी डिस्क मूळ डिस्कपेक्षा थोडी जरी लहान असली तरी रिस्टोअर नाकारतं. ५१२च्या जागी ५०० जीबी आणली की संपलं. ‘विंडोजइमेजबॅकअप’ हे फोल्डर डिस्कच्या मुळातच असावं लागतं, आत कुठे हलवलं किंवा नाव बदललं की त्याला दिसत नाही. मॅक्रियम रिफ्लेक्टची फुकट आवृत्ती १ जानेवारी २०२४ पासून बंद आहे. जुन्या व्हिडिओंत अजून तीच सांगतात, तिच्या मागे लागू नका.

आज घरच्यासाठी दोन वाटा बऱ्या.

पहिली म्हणजे व्हीम एजंट फॉर विंडोज, फुकट आवृत्ती. विंडोज चालू असतानाच इमेज घेतं, पुढच्या वेळी फक्त बदललेला भाग घेतं आणि मुख्य म्हणजे स्वतःचं रिकव्हरी मीडिया (विंडोज उठत नसेल तेव्हा पीसी ज्यावरून सुरू करायचा तो पेनड्राइव्ह) बनवताना तुमच्या मशीनचे डिस्क आणि नेटवर्क ड्रायव्हर त्यात घालतं. याचं महत्त्व रिस्टोअरच्या दिवशी कळतं.

दुसरी रेस्क्यूझिला. हे पेनड्राइव्हवरून चालतं, विंडोज बंद असताना. इमेज क्लोनझिलाच्याच (याच कामाचं दुसरं साधन) पद्धतीची असते, पण चित्रातली बटणं दाबायची असल्यामुळे क्लोनझिलाच्या निळ्या पडद्यापेक्षा सोपं. यात नवी डिस्क मूळएवढी किंवा मोठी लागते, ही अट मात्र आहे.

तुम्ही व्हीमने सुरुवात करा. क्रम असा:

१. इन्स्टॉल झाल्या झाल्या रिकव्हरी मीडिया बनवा, बॅकअप नंतर. लोक उलटं करतात आणि मीडिया राहूनच जातं. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, १६चा घेतला तर बिनघोर. तो पूर्ण पुसला जातो. ‘या संगणकाचे हार्डवेअर ड्रायव्हर घाला’ ही खूण राहू द्या.

२. बॅकअपचा जॉब बनवताना ‘व्हॉल्यूम’ निवडा आणि ‘ऑपरेटिंग सिस्टिम’वर खूण करा. नुसतं सी निवडलंत तर १०० एमबीचं छोटं ईएफआय विभाजन मागे राहण्याचा धोका. बूट तिथून होतं. ते नसेल तर सी जसंच्या तसं परत आलं तरी पडदा काळाच.

३. बाहेरची डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेली हवी. फॅट३२वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

४. डिस्क मागच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टला लावा. १२० जीबी दाबून साधारण ७०–८० जीबी होईल. निळ्या पोर्टला वीस-पंचवीस मिनिटं, काळ्या यूएसबी २ला पाऊण तास. फोटो आणि व्हिडिओ आधीच दाबलेले असतात, ते जास्त असतील तर आकार फारसा उतरणार नाही.

५. इमेजला पासवर्ड द्यायचा असेल तर तो कागदावर लिहा. त्याच पीसीतल्या फाइलमध्ये लिहून काय उपयोग?

६. झालं की त्या पेनड्राइव्हवरून पीसी एकदा सुरू करून बघा. रिस्टोअर करू नका. फक्त तुमची एसएसडी दिसते का आणि बाहेरच्या डिस्कवरची इमेज उघडते का, एवढंच पाहून बाहेर या. दहा मिनिटांचं काम आहे. हे केलं नसेल तर बॅकअप आहे असं धरू नका.

---

निपाणी_नाका

एवढा खटाटोप कशाला? विंडोज नवीन टाकायची, डेटा कॉपी करायचा, झालं. इमेजमधून जुना कचराही परत येतो. नवीन टाकलेली विंडोज पळते तरी.

---

वडगावची_अक्का

नाक्यावरच्या दादा, नुसतं ब्राउझर आणि सिनेमा असेल तर तुमचं खरं आहे. डीटीपीच्या मशीनला ते लागू नाही. विंडोज तासात टाकाल, पण पुढे डीटीपी सॉफ्टवेअरचं ॲक्टिव्हेशन, नुडी (कन्नड टायपिंगचं), श्रीलिपीचे कीबोर्ड लेआउट, प्रिंटरचे ड्रायव्हर आणि त्यातले कागदाचे मापं यांत दोन दिवस जातात. त्यात लग्नाचा सीझन असेल तर गणपत गल्लीचं गिऱ्हाईक थांबत नाही.

फॉन्टांची एक खोच सगळ्यांनी लिहून घ्या. २०१८ नंतरच्या विंडोजमध्ये फॉन्टवर डबल क्लिक करून ‘इन्स्टॉल’ म्हटलं की तो विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये जात नाही. तो तुमच्या यूजर फोल्डरात ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स असा आत जाऊन बसतो आणि ॲपडेटा लपवलेलं असतं. माणूस सी ड्राइव्हवरचं फॉन्ट फोल्डर कॉपी करतो, नव्या मशीनवर टाकतो आणि पत्रिका उघडली की अक्षरांच्या जागी कचरा. इमेजमध्ये हे आपोआप येतं. हाताने कॉपी करणार असाल तर दोन्ही फोल्डर घ्या किंवा इथून पुढे राइट क्लिक करून ‘सर्व यूजरसाठी इन्स्टॉल’ निवडा.

ॲक्टिव्हेशनचं असं: त्याच मशीनमध्ये फक्त एसएसडी बदलली तर विंडोजचं लायसन्स टिकतं, कारण ते मुख्यतः मदरबोर्डला बांधलेलं असतं. बाकी सॉफ्टवेअर डिस्कचा नंबर बघत असेल तर ते पुन्हा की मागेल. डोंगलवाल्याला (यूएसबीत चावी लावून चालणाऱ्या सॉफ्टवेअरला) काही फरक पडत नाही. म्हणून कीज आणि बिलं कागदावर, मशीनबाहेर ठेवा.

---

मलप्रभा_काठ

अक्कांना दुजोरा, आणि टॅलीवाल्यांसाठी एक धोका. टॅलीप्राइमचा डेटा सहसा सी ड्राइव्हवरच असतो, यूजर्स, पब्लिक, टॅलीप्राइम, डेटा असा. तीन आठवड्यांपूर्वीची इमेज चढवलीत तर हिशेबही तीन आठवडे मागे जातील. एसएसडी मेली असेल तर इलाज नाही. पण नुसती विंडोज बिघडली असेल आणि तुम्ही घाईत सी वर जुनी इमेज टाकलीत, तर आजपर्यंतच्या नोंदी तुम्हीच पुसल्या. त्यामुळे दोन गोष्टी करा: डेटाची जागा दुसऱ्या ड्राइव्हवर हलवून टॅलीत तो पाथ द्या, आणि रिस्टोअरच्या आधी रेस्क्यूझिलाच्या पेनड्राइव्हवरून सुरू करून त्यातल्या फाइल मॅनेजरने सी वरचा ताजा डेटा उचलून घ्या. विंडोज बंद पडली म्हणजे फायली गेल्या असं नसतं.

---

संकेश्वर_सर्किट

रिस्टोअरला हात घालण्याआधी एक तपासा. आपल्याकडे ‘विंडोज उडाली’ म्हणून येणाऱ्या पीसींत बऱ्याचदा विंडोजला काहीच झालेलं नसतं. बोर्डावरचा सीआर २०३२ सेल संपलेला असतो. लाइट असेपर्यंत कळत नाही. रात्रभर लाइट गेली की बायोस (पीसी सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) विसरतो आणि कारखान्याच्या सेटिंगवर जातो. मग साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) बदलतो किंवा बूटचा क्रम उलटतो आणि निळ्या पडद्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ किंवा काळ्यावर ‘नो बूट डिव्हाइस’. ओळखायची खूण म्हणजे तारीख. बायोसमध्ये जाऊन बघा, काही वर्षं मागे गेली असेल तर सेल बदला, सेटिंग पहिल्यासारखी करा, विंडोज उठते. म्हणून आजच बायोसच्या स्टोरेज आणि बूट पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

दुसरं, डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये जुन्या हार्डडिस्कच्या तीन ओळी बघा. ०५ म्हणजे बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न येणारे, सी७ म्हणजे केबलमधल्या चुका. सी७ वाढत असेल तर साटा केबल बदला, डिस्कला दोष देऊ नका. ओल धरलेल्या कनेक्टरमुळेही होतं. सी५ शून्यापेक्षा जास्त असेल तर नेहमीचं इमेज साधन तिथे अडकून बसेल आणि डिस्कला आणखी घासेल. तिथे आधी डीडीरेस्क्यू. ते चांगला भाग पहिल्यांदा उचलतं, खराब जागी शेवटी परत जातं. अशा डिस्कवर ‘चेक डिस्क’ चालवू नका.

---

टिळकवाडी_तिसरं_गेट

व्हीमचं मीडिया झालं, त्यातून एसएसडी दिसते. पण तुलना म्हणून विंडोज ११च्या साध्या इन्स्टॉल पेनड्राइव्हवरून गेलो तर यादीत फक्त १ टीबी, ५१२ गायबच. डिस्क खराब आहे का?

---

मलप्रभा_काठ

डिस्क ठणठणीत आहे. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून बऱ्याच मशीनवर व्हीएमडी (डिस्क सांभाळणारी इंटेलची सोय) चालू असतं आणि एनव्हीएमई त्याच्या आड राहते. त्याचा ड्रायव्हर साध्या विंडोज पेनड्राइव्हात नसला की डिस्क दिसत नाही. व्हीमने तो तुमच्या चालू विंडोजमधून उचलून घातला, म्हणून तिथे दिसली. वर ड्रायव्हरच्या खुणेवर जोर दिला तो यासाठीच.

साध्या पेनड्राइव्हवरही हवा असेल तर बोर्डाच्या किंवा लॅपटॉपच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या. नुसती सेटअप फाइल तिथे चालत नाही, ‘आयएनएफ’ फाइल असलेलं उलगडलेलं फोल्डर लागतं. ते पेनड्राइव्हवर टाका आणि डिस्कांच्या यादीखाली ‘लोड ड्रायव्हर’ दाबून दाखवा.

चिडून बायोसमध्ये व्हीएमडी बंद करू नका, चालू विंडोज पुढच्या वेळी निळी होईल. बंद करायचंच असेल तर आधी एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोज कशी सुरू व्हावी ते ठरवणारी खिडकी) ‘सेफ बूट’वर खूण करा, मग बायोसमध्ये बदला, एकदा सेफ मोडमध्ये उठू द्या, मग खूण काढा. सेफ मोडमध्ये विंडोज मूळ एएचसीआय आणि एनव्हीएमई ड्रायव्हर स्वतः उचलते.

हे सगळं करण्याआधी एन्क्रिप्शन (डिस्कवरचं कुलूप) बघा. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी आणि सिक्युरिटीखाली ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’. विंडोज ११ची २४एच२ आवृत्ती नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं असेल तर ते न विचारता चालू झालेलं असू शकतं. मग बायोसमध्ये सिक्युअर बूटला हात लावला किंवा बोर्ड बदलला की ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती खात्याच्या पानावर असते. आज काढून कागदावर उतरवा, एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. ती नसेल तर बाहेरून फायली उचलणंही जमणार नाही.

रेस्क्यूझिला किंवा क्लोनझिलाने एन्क्रिप्टेड सी ची इमेज घेतलीत तर त्यांना आतलं काही कळत नाही, रिकाम्या जागेसकट सगळं विभाजन सेक्टरमागून सेक्टर उचलतात. १२० जीबीच्या जागी ४७० जीबी, आणि दाबलंही जात नाही. विंडोजच्या आतून इमेज घेतली तर ही अडचण नाही, कारण तेव्हा कुलूप उघडं असतं. मात्र पासवर्ड दिला नसेल तर ती इमेज उघडीच असते आणि रिस्टोअरनंतर एन्क्रिप्शन पुन्हा चालू करावं लागतं.

---

खानापूर_रान

इमेजपेक्षा क्लोन बरा नव्हे काय? दुसरी एसएसडी यूएसबी डब्यात घालून क्लोन करून ठेवायची, पहिली मेली की थेट त्यावरून चालू. मी तेच करालोय. आणि रेस्क्यूझिला माझ्या लॅपटॉपवर सी घेईनाच, ‘हायबरनेटेड’ म्हणतंय. ते तेवढं सांगा की.

---

संकेश्वर_सर्किट

‘हायबरनेटेड’चं कारण फास्ट स्टार्टअप. शटडाउन म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धी झोपते. शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा किंवा रीस्टार्ट म्हणून तिथूनच पेनड्राइव्हवर जा. कायमचं घालवायचं तर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टवर ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ (इथे देवनागरीत लिहिलंय, टाइप इंग्रजी अक्षरांत). त्याने हायबरनेशनची फाइलही जाते, १६ जीबी रॅमला सहा-साडेसहा जीबी वाचतात, इमेज तेवढी हलकी.

क्लोनबद्दल: यूएसबी डब्यात असतानाच त्यावरून विंडोज चालू होईल अशी आशा ठेवू नका. साधी विंडोज यूएसबीवरून बूट व्हायला बनवलेलीच नाही, बहुधा निळा पडदा येतो. क्लोन मशीनच्या आत बसवावा लागतो. बसवताना मूळ डिस्क काढा. दोन्हींची ओळख एकच असल्यामुळे पहिल्या बूटला विंडोजचा गोंधळ होतो. डबा घेताना तो एनव्हीएमईचा आहे की साटा एम.२चा ते बघा. दिसायला एकसारखे असतात, पण प्रत्येक डबा दोन्ही चालवत नाही.

आणि क्लोन म्हणजे एकच दिवस. आज व्हायरस आला, उद्या क्लोन केलात, की कालची चांगली अवस्था गेली. १ टीबीच्या बाहेरच्या डिस्कवर इमेजा मात्र सात-आठ सहज राहतात. दुकान असेल तर क्लोनसुद्धा ठेवा, पण इमेजच्या जोडीला. घरच्याला इमेज पुरे.

---

खानापूर_रान

झालं, घेतलं सी. डबा साटाचा निघाला, तो परत करतो. पण आमच्याकडे जुलैत दिवसातून पाच वेळा लाइट जाते. इमेज घेताना मध्येच गेली तर?

---

मलप्रभा_काठ

इमेज लिहिताना लाइट गेली तर ती अर्धवट इमेज फेकायची, जुनीला धक्का नाही. म्हणून एकुलत्या एक इमेजवर नवी कधी लिहायची नाही, निदान दोन आलटून पालटून. रिस्टोअर करताना गेली तर एसएसडी अर्धवट राहील, पण इमेज फक्त वाचली जात असते. लाइट आली की पहिल्यापासून. ६०० व्हीएच्या यूपीएसवर पीसी आणि मॉनिटर मिळून दहा-पंधरा मिनिटं निघतात, पूर्ण इमेजला ती पुरत नाहीत. घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावर घ्या आणि मागचं बटण ‘यूपीएस’ बाजूला ठेवा, ते दुसऱ्या बाजूला असेल तर बॅटरीवर यायला वेळ लागतो आणि पीसी रीस्टार्ट होतो. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली असली की झालं.

आता रिस्टोअरचा दिवस. नवी एसएसडी बसवा. डेटाच्या हार्डडिस्कची साटा केबल काढून ठेवा. याला आळस नको. रिकव्हरीमध्ये डिस्कांचे नंबर विंडोजमधल्यासारखे नसतात, ‘डिस्क ०’ म्हणून फोटोंचीच डिस्क पुसली जाते. मग पेनड्राइव्हवरून सुरू, ‘बेअर मेटल रिकव्हरी’ (रिकाम्या डिस्कवर सगळं परत चढवणं), बाहेरच्या डिस्कवरची तारीख निवडा, डिस्क तिच्या आकारावरून आणि मॉडेलवरून ओळखा, सुरू करा. बूट मेनूत पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर ‘यूईएफआय’ (बूटची नवी पद्धत) लिहिलेली ओळ निवडा.

सगळं ‘यशस्वी’ म्हणूनही बूट झालं नाही तर ईएफआयच्या फायली नव्याने घालाव्या लागतात. रिकव्हरीतल्या कमांड प्रॉम्प्टवर (यापुढचंही सगळं इंग्रजी अक्षरांत): ‘डिस्कपार्ट’, मग ‘लिस्ट व्हॉल्यूम’. फॅट३२ असलेलं १०० एमबीचं विभाजन शोधा, त्याचा नंबर घालून ‘सिलेक्ट व्हॉल्यूम’, मग ‘असाइन लेटर=एस’, ‘एक्झिट’. त्याच यादीत विंडोज कोणत्या अक्षरावर आहे ते बघा, इथे ती सी असेलच असं नाही. समजा डी आहे, तर: ‘बीसीडीबूट डी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय’. नेटवर सगळीकडे ‘बूटरेक /फिक्सबूट’ सांगतात. यूईएफआय मशीनवर ते बहुधा ‘ॲक्सेस नाकारला’ म्हणतं. त्याच्याशी भांडत बसू नका.

---

निपाणी_नाका

बरं, मानलं. माझा पीसी जुना आहे, विंडोज १०, बायोसमध्ये ‘लेगसी’ (बूटची जुनी पद्धत). हेच चालेल?

---

मलप्रभा_काठ

चालेल, पण तिथे ईएफआय विभाजन नसतं, ‘सिस्टिम रिझर्व्हड’ असतं आणि शेवटचा शब्द ‘यूईएफआय’च्या जागी ‘बायोस’. पेनड्राइव्हही लेगसीतच बूट करा. विंडोज १०चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले, तेव्हा तुमची आजची इमेज जपून ठेवा. पुढे ११वर जाताना फसलात तर परत यायला तीच वाट.

---

वडगावची_अक्का

पेनड्राइव्हवर दोरा बांधून चिठ्ठी लावा: कोणत्या मशीनचा, कोणत्या तारखेचा आणि बूटला कोणतं बटण. डेल, लेनोवो, एसर एफ१२ (एसरला ते आधी बायोसमध्ये चालू करावं लागतं), एचपी एफ९, असूसचा लॅपटॉप एस्केप, असूसचा बोर्ड एफ८, गिगाबाइट एफ१२, एमएसआय एफ११. बाहेरची डिस्क ओलीच्या दिवसांत झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या. त्या बुटाच्या खोक्यात मिळतात, टाकून देऊ नका.

---

टिळकवाडी_तिसरं_गेट

इमेज ७४ जीबी झाली, २३ मिनिटं, निळा पोर्ट. पेनड्राइव्हवरून बूट करून इमेज उघडून पाहिली, सी आणि ईएफआय दोन्ही दिसतात. डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू निघालं, ४८ अंक दोन कागदांवर उतरवले. टॅलीचा पाथ आज रात्री हलवतो.